दातांच्या दवाखान्यात हत्यारं निर्जंतुक आहेत हे पेशंटनं कसं ओळखायचं?

पाकिटाकडे बघा. ऑटोक्लेव्हमधून (दाबाखालच्या गरम वाफेनं जंतू मारणारं मशिन) आलेली हत्यारं सीलबंद पाऊचमध्ये असतात आणि तो पाऊच तुमच्यासमोरच फाडला गेला पाहिजे. पाऊचवर एक छोटी खूण असते, वाफेच्या उष्णतेनं तिचा रंग बदलतो. तेवढ्यानं जंतू मेलेच असं नाही, पण पाकीट मशिनमधून गेलंय एवढं नक्की कळतं. नुसतं उकळलेलं पाणी किंवा स्पिरिटचा बोळा चालत नाही.

माझा खरा डोळा असतो हँडपीसवर, म्हणजे तो घूं-घूं करणारा ड्रिल. त्याच्या आत लाळ, रक्त ओढलं जाऊ शकतं, म्हणून बाहेरून पुसून भागत नाही, प्रत्येक पेशंटनंतर तोही ऑटोक्लेव्हमध्ये जायला हवा. बिनधास्त विचारा, चांगले डॉक्टर रागवत नाहीत.

ग्लोव्हजचं म्हणाल तर ते घातलेत की नाही यापेक्षा घालून कशाकशाला हात लावतात ते बघा. तोंडात काम करता करता मोबाईल उचलला, ड्रॉवर उघडला आणि तोच हात परत तोंडात? तिथे सरळ म्हणायचं, “डॉक्टर, ग्लोव्हज बदलता का?”