चाळीस मुलं आणि बावीस पानं

प्रश्न : ताई, नमस्कार. केज तालुक्यात आमची छोटी संस्था आहे. आई-वडील ऊसतोडीला गेले की त्यांची ४० मुलं गावातच राहून शाळेत जावीत, म्हणून आम्ही दोन वेळचं जेवण देतो आणि संध्याकाळी अभ्यास घेतो. रात्री मुलं आजी-आजोबांकडे झोपतात. चार कंपन्यांच्या सीएसआर (सामाजिक कामांवर खर्च करणाऱ्या) विभागांना २२ पानी प्रस्ताव पाठवला. दिवाळी झाली तरी कुणाचंच उत्तर नाही. कुठे चुकतंय?
– एक कार्यकर्ता, जि. बीड

उत्तर : दादा, प्रस्ताव दोनदा वाचला. पहिली सहा पानं संस्थेची स्थापना, ध्येय, सत्कार यांतच गेली आहेत. मुलं भेटतात थेट नवव्या पानावर, तीही ‘वंचित घटकातील बालके’ म्हणून. तुमच्या गावातून किती कोयते, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या नवरा-बायकोच्या जोड्या, जातात, मागे किती मुलं राहतात, हे कुठेच नाही.

मीही असंच लिहायचे. एका कंपनीच्या बाईंनी फोनवर विचारलं, “यंदा तुमच्याकडून किती जोड्या गेल्या?” मला सांगता आलं नाही. दुसऱ्या दिवशी शंभरपानी वही घेऊन वस्तीवर गेले आणि रकाने पाडले : मूल, इयत्ता, आई-वडील कुठल्या कारखान्यावर, मागे सांभाळायला कोण, गेल्या हंगामात किती दिवस शाळा बुडाली. एका आजींनी नातीची वह्यांची पिशवी पुढे केली. दसऱ्यानंतरची पानं कोरी होती, कारण पोरगी उसाच्या फडावर धाकट्या भावाला सांभाळत होती. पुढच्या प्रस्तावाची सुरुवात मी त्या कोऱ्या पानांपासून केली. मुलीचं नाव घातलं नाही, फोटोही नाही. तुम्हीही घालू नका.

आता खर्चाचं. ‘भोजन : ४,००,००० रुपये’ एवढ्याने वाचणाऱ्याला काय कळणार? ४० मुलं, १५० दिवस, म्हणजे ६,००० मूल-दिवस. रोजचे ६० रुपये धरले तर ३,६०,००० होतात. मग वरचे ४०,००० कशाचे? गॅस, भांडी, जे असेल ते वेगळं लिहा. तांदूळ, डाळ, तेल किती लागतं ते स्वयंपाक करणाऱ्या मावशींना विचारा, त्यांच्याइतका नेमका हिशेब कुणाकडे नसतो. आणि त्यांचा पगार तुम्ही ‘स्वयंसेवा’ म्हणून शून्य दाखवलाय, ते मला अजिबात पटलं नाही. पहाटे उठून ४० जणांच्या भाकरी थापणाऱ्या बाईला पगार मिळायलाच हवा, आणि तो कागदावर मागायलाही हवा.

वेळही चुकली. कंपनी कायदा २०१३च्या कलम १३५प्रमाणे पात्र कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान २ टक्के सामाजिक कामांवर खर्च करायचे असतात, आणि त्यांचं वर्ष एप्रिल ते मार्च. तुमचा प्रस्ताव गेला सप्टेंबरात. टोळ्या दसरा-दिवाळीला निघतात, तोवर पैसे हातात हवेत. म्हणून एप्रिल-मेमध्येच पाठवा, आणि ‘पहिला हप्ता सप्टेंबरअखेर लागेल, कारण मुकादमाची उचल (मजुरीची आगाऊ रक्कम) घेतलेली कुटुंबं त्यानंतर गावात थांबत नाहीत’ हे वाक्य ठळक लिहा. मुंबईत बसलेल्या माणसाला हे आपोआप कळणार नाही.

कागदांत १२ए, ८०जी या आयकर सवलतीच्या नोंदण्या आहेत. सीएसआर-१ नोंदणी मात्र दिसली नाही. कंपनीचा सीएसआर निधी थेट संस्थेला घ्यायचा तर १ एप्रिल २०२१पासून ती लागतेच, सीएंकडून करून घ्या. तुमचे एक विश्वस्त वारले, असं पत्रात लिहिलंय. त्यांचं नाव अजून यादीत आहे. धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज आधी द्या.

चार पानांत सगळं बसेल. वही भरली की पहिलं पान मला पाठवा, खर्चाचा तक्ता त्यानंतर एकत्र बसून करू.