सियाज, दरवळ आणि कोलोनची 'कामगिरी'

प्रश्न असा आहे: पुरुषांच्या परफ्यूमवर मराठीत लिहिताना प्रोजेक्शन (वास अंगापासून किती लांब पोचतो), लाँजेव्हिटी (किती वेळ टिकतो), 'सिलाज' (मागे काय उरतं) आणि ड्रायडाऊन (शेवटी अंगावर काय राहतं) यांना काय म्हणावं? प्रश्नकर्त्यांनी डिओरच्या 'ओ सोव्हाज'वर लिहायला घेतलंय आणि नमुन्यादाखल एक वाक्य पाठवलंय: 'या कोलोनची कामगिरी मध्यम असून प्रक्षेपण सौम्य व दीर्घायुष्य चार तासांचे आहे.'

प्रक्षेपण उपग्रहाचं होतं, फार तर क्रिकेटच्या सामन्याचं. आणि चार तासांचं दीर्घायुष्य हा आशीर्वाद म्हणावा की शाप? 'कामगिरी' तर पोलिसांची आणि फलंदाजांची. तिन्ही ठिकाणी नामाला नाम शोधायचा हट्ट केल्यामुळे हा घोळ झालाय. वासाच्या बाबतीत मराठीची खरी श्रीमंती क्रियापदांत आहे: वास सुटतो, पसरतो, दरवळतो, घमघमतो, रेंगाळतो, टिकतो, उडून जातो. लाँजेव्हिटीला 'टिकतो' एवढं पुरे. प्रोजेक्शनला 'हातभर अंतरावरून जाणवतो' किंवा 'अंगालगतच राहतो' म्हटलं की वाचकाला माप कळतं. तेच 'सौम्य प्रक्षेपणा'तून कळत नाही.

'सिलाज' मात्र आधी नीट लिहू या. शब्द फ्रेंच आहे, उच्चार 'सियाज'. गलबत पुढे गेल्यावर पाण्यावर मागे जो पट्टा उरतो, तो सियाज. म्हणजे माणूस निघून गेल्यावर मागे उरतो तो वास. इथे बरेच जण 'दरवळ' सुचवतात. मला तो अर्धाच पटतो. दरवळ जागेचा असतो. मोगरा अंगणात दरवळतो, चहूकडे, आणि तिथेच. सियाज माणसामागून चालतो. त्याला 'मागे रेंगाळणारा सुवास' हे जास्त नेमकं. आणि एक जुना शब्द आहे, 'झुळकणे'. ज्ञानदेवांच्या अभंगात परिमळ 'अळुमाळु' झुळकतो आणि तेवढ्यावरून गोपाळ आल्याचं कळतं. तिथे वास माणसाच्या आधी पोचतो, पण कुणाचा हे वासावरूनच ओळखू येतं. हलक्या सियाजला 'अळुमाळ झुळकतो' म्हणायला माझी तरी हरकत नाही. परीक्षणात जरा कवितेसारखं वाटेल, वाटू द्या.

संस्कृतात या छटा चक्क वेगळ्या केलेल्या होत्या. अमरकोशात 'परिमल' म्हणजे चोळल्या-घासल्यावर उठणारा मनोहर गंध, आणि तोच फार दूरवर गेला की 'आमोद'. अंगावर तापून उठणारा वास एक, लांबवर जाणारा दुसरा; सुगंध पारखणाऱ्याला हवा तोच भेद. पण मराठीत आमोद प्रमोदाच्या संगतीत जाऊन नुसता आनंद झाला, आणि परिमळ कुठल्याही सुवासाला चालू लागला. त्यांना मागे ओढण्यात अर्थ नाही.

वाईट बाजूचे शब्दही हाताशी ठेवा, त्यांत गल्लत महागात पडते. 'घमघमाट' तीव्र पण हवाहवासा. 'दर्प' तीव्र आणि नाकाला झोंबणारा. 'भपकारा' एकदम अंगावर येणारा, बहुधा दारूचा. फवारल्यावर पहिल्या मिनिटात अल्कोहोलचा जो झोत येतो तो भपकाराच, त्यावरून मत बनवू नये. नुसतं 'वास येतो' लिहिलंत तर बहुतेक वाचक नाक मुरडतील. 'वास मारतो' तर स्तुतीत कुठेच नको.

आता ओ सोव्हाज. 1966 साली सुगंधकार एदमों रूदनित्स्का यांनी तो घडवला आणि त्यात हेडिओन हे तेव्हा नवं असलेलं, जाईजुईच्या अंगाचं रसायन वापरलं. सुरुवात लिंबू आणि बर्गमॉट या लिंबाच्याच जातीतल्या फळाची. हे रेणू हलके, म्हणून ते आधी उडतात. त्याला 'टिकत नाही' म्हणणं अन्याय आहे. मग बेसिलसारख्या वनस्पतींचा हिरवा वास, आणि शेवटी वाळा व ओकमॉस. बेसिलला 'तुळस' लिहू नका. ज्याचं बी आपण फालुद्यात घालतो त्या सब्जाची ती पानं. ओकमॉसचं 'ओकचं शेवाळ'ही चुकीचं, कारण ते शेवाळ नव्हे, दगडफूल आहे. गोड्या मसाल्यातलं दगडफूल त्याच जातकुळीतलं, प्रजाती वेगळी. डबा उघडून एक पापुद्रा चुरडून पाहा, कोरडा, मातकट, किंचित कडसर वास येईल. परीक्षणात शेवटच्या टप्प्याला हीच विशेषणं कामाला येतील. त्वचेच्या ॲलर्जीमुळे ओकमॉसच्या वापरावर बंधनं आल्याने जुन्या आणि नव्या बाटल्यांचा शेवट सारखा नसतो, तेव्हा बाटली कोणत्या काळातली तेही लिहा.

हा शेवटचा टप्पा म्हणजे ड्रायडाऊन. 'शुष्कीकरण' नको, वाळवणाचा भास होतो. 'वास बसल्यावर' म्हणा: 'बसल्यावर वाळा वर येतो'.

'कोलोन'बद्दल एक. मूळ कोलोन फारिना या सुगंधकाराने अठराव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मनीतल्या कोलोन शहरात विकायला आणलं. त्यात सुगंधी अर्क जेमतेम दोन ते पाच टक्के, बाकी मुख्यतः अल्कोहोल. आपल्याकडे तापात कपाळावर कोलनवॉटरच्या घड्या ठेवत त्या याच गुणासाठी: भराभर उडतं, म्हणून गार वाटतं. अमेरिकनांनी मात्र पुरुषांच्या सगळ्याच परफ्यूमना कोलोन म्हणायला सुरुवात केली. ओ सोव्हाज मुळात 'ओ द त्वालेत' या प्रकारातला, त्यात अर्काचं प्रमाण मूळ कोलोनहून जास्त. तेव्हा तुमचं वाक्य मी असं लिहीन: 'लिंबाचा ताजा वास लवकर उडतो, बसल्यावर वाळा आणि दगडफूल अंगालगत चार तास टिकतात, मागे फारसं काही रेंगाळत नाही.' हे चार तास तुमच्याच नाकाने मोजले असतील, तर ते घरात दुसऱ्या कुणालातरी एकदा विचारून घ्या. आपल्या अंगावरच्या वासाची नाकाला लवकर सवय होते.