युआन की रेन्मिन्बी? आणि 'युआन' म्हणजे काय?

प्रश्न असा आलाय की बातम्यांमध्ये चीनच्या पैशाला कधी युआन म्हणतात, कधी रेन्मिन्बी, तर ही दोन वेगळी चलनं आहेत का, आणि युआन हे नाव चीनवर राज्य केलेल्या मंगोल सम्राट कुब्लाई खानाच्या युआन घराण्यावरून पडलंय का.

आधी सरळ उत्तर. चलन एकच आहे. रेन्मिन्बी हे चलनाचं नाव, 'रेन्मिन' म्हणजे जनता आणि 'बी' म्हणजे चलन, थोडक्यात जनतेचं चलन, आणि युआन हे ते मोजायचं एकक. ब्रिटनचं चलन स्टर्लिंग पण भाव पाउंडात सांगतात ना, तसंच. म्हणून '500 रेन्मिन्बी' लिहिणं खटकतं, '500 युआन' बरोबर. 'युआन घसरला' मात्र चालतं, आपणही रुपया घसरला म्हणतोच.

आता घराण्याचं. कुब्लाईने 1271 मध्ये घराण्याला जे नाव दिलं त्या युआनचा अर्थ आदि, आरंभ. पैशातला युआन वेगळा, त्याचा अर्थ गोल! उच्चार दोन्हीचा एकच आणि गोल या अर्थाचं मूळ अक्षर लिहायला किचकट, म्हणून रोजच्या व्यवहारात त्याच्या जागी घराण्याचं सोपं अक्षर वापरायची सवय पडली, त्यातून हा गोंधळ होतो. दुकानातल्या भावाच्या पाटीवर सोपं अक्षर दिसेल, नोटेवर मात्र अजून गोलवालाच युआन छापतात.

गोल का, हा मला यातला सगळ्यात आवडता भाग. चीनची जुनी नाणी तांब्याची, मध्ये चौकोनी भोक, दोरीत ओवून माळा करायच्या. (या नाण्यांना इंग्रज 'कॅश' म्हणायचे आणि तो शब्द तमिळ 'कासु'वरून पोर्तुगीजांमार्फत गेलेला.) सिचुआन प्रांतात लोखंडी नाणी होती, ती इतकी जड की व्यापाऱ्यांनी ठेवीच्या पावत्याच फिरवायला सुरुवात केली आणि 1020 च्या दशकात सोंग घराण्याच्या सरकारने तो कारभार आपल्या हातात घेतला, जगातलं पहिलं सरकारी कागदी चलन म्हणतात ते हेच. कुब्लाईच्या काळात तर कागदी नोटा सगळीकडे होत्या. पण नोटा छापायला सोप्या आणि आवरायला अवघड, पुढे मिंग घराण्याने 1375 पासून काढलेल्या नोटांची किंमत इतकी उतरली की लोकांनी कागद सोडला आणि चांदी धरली.

आणि चांदी एकदा आली ती चारेकशे वर्षं राहिली. 1581 मध्ये झांग जूझेंग या मंत्र्याने सगळ्या देशात कर आणि वेठबिगार एकत्र करून ते चांदीत भरायची पद्धत लावली, म्हणजे चांदीची भूक अख्ख्या देशाला लागली, मग जपानच्या खाणींतून आणि मेक्सिको-पेरूकडून मनिलामार्गे चांदी येत राहिली, बदल्यात रेशीम, चिनी मातीची भांडी, नंतर चहा बाहेर जात राहिला. पण ही चांदी म्हणजे नाणं नव्हे! ती लगडी आणि तुकड्यांत असायची, दर वेळी तोलायची, कस बघायचा, गावागावाचं वजन निराळं. अशात स्पॅनिश रुपेरी डॉलर आले, एका ठरावीक वजनाचे, गोल, ते तोलण्याऐवजी मोजता यायचे. दक्षिणेकडच्या बंदरांत लोकांना ते इतके सोयीचे वाटले की त्या गोल नाण्याला नावच 'गोल' पडलं. तोच युआन. जपानचा येन आणि कोरियाचा वोन हेही याच शब्दाचे त्या त्या भाषेतले उच्चार आहेत, आणि चिनी माणूस आजही अमेरिकन डॉलरला 'मेइयुआन' म्हणतो, म्हणजे अमेरिकेचा युआन.

इथे आपल्या ओळखीचे दोन शब्द येतात. बंदरात आलेला प्रत्येक डॉलर खरा की खोटा ते तपासणारे जे लोक असायचे त्यांना तिथले इंग्रज 'श्रॉफ' म्हणायचे, म्हणजे आपला सराफ (मूळ अरबी). हाँगकाँगच्या पार्किंगमध्ये पैसे भरायच्या खिडकीवर आजही 'श्रॉफ' लिहिलेलं असतं. आणि तपासलेल्या नाण्यावर जो शिक्का ठोकायचे तो इंग्रजीत 'चॉप', हा आपल्याकडच्या 'छाप'वरून गेलाय.

हे शब्द ज्या जहाजांच्या ये-जा करण्यातून फिरले त्यात मुंबईची जहाजंही होती आणि त्यांच्यात माळव्याची अफू असायची, हे लिहायला हवं. जमशेटजी जिजीभॉय यांच्या संपत्तीतही या व्यापाराचा मोठा वाटा होता. चहासाठी चीनमध्ये गेलेली चांदी अफूपायी उलटी बाहेर वाहायला लागली, 1839 मध्ये लिन झेश्यू या चिनी अधिकाऱ्याने अफू जप्त करून नष्ट केली, ब्रिटनशी युद्ध झालं आणि 1842 च्या नानजिंग तहात चीनवर 2 कोटी 10 लाख डॉलर लादले गेले, तेही रुपेरी डॉलर.

चीनने स्वतः आधुनिक यंत्रावर रुपेरी नाणी पाडायला 1889 च्या सुमारास दक्षिणेकडच्या ग्वांगदोंग प्रांतात सुरुवात केली. 1914 मध्ये युआन शिकाई या अध्यक्षाचा चेहरा असलेलं नाणं आलं, आणि याचं आडनाव युआन, तेही तिसऱ्याच अक्षराचं! म्हणून कुणी म्हणालं की युआन त्याच्यावरून आला, तर तेही चूक. 1935 मध्ये चांदी सुटली, नोटा आल्या, मग युद्ध आणि भयानक महागाई. त्या महागाईतच 1 डिसेंबर 1948 ला रेन्मिन्बीची पहिली नोट निघाली, लवकरच 50,000 युआनच्या नोटाही छापाव्या लागल्या, आणि 1955 मध्ये जुने 10,000 देऊन नवा 1 युआन घ्यायचा असं ठरलं. आजचा युआन तिथून सुरू होतो.

बाजारात मात्र युआन फारसा ऐकू येत नाही, लोक 'क्वाई' म्हणतात, म्हणजे तुकडा, ढेकूळ. बँकेला चिनीत 'यिन्हांग', यिन म्हणजे चांदी, हांग म्हणजे पेढी. आपला रुपयाही रूप्य म्हणजे चांदीवरूनच आला, त्यामुळे मराठी माणसाला हे परकं वाटू नये.

लिहिताना एवढं पाळा: युआन पुल्लिंगी, रुपया-डॉलरसारखा, अनेकवचनातही युआनच ('दहा युआन दिले'). मूळ उच्चार 'युएन'च्या जवळ जातो पण मराठीत युआन रुळलाय, तो बदलायची गरज नाही. रेन्मिन्बी मात्र मी नपुंसकलिंगी लिहितो कारण मनात 'चलन' असतं, 'रेन्मिन्बी स्वस्त झालं'.