घरच्या जुन्या कपड्यांतून मुलीसाठी प्राण्याचा पोशाख करता येईल का, की भाड्यानेच आणावा?

भाड्याने आणू नका.

मुलगी पहिलीत आहे, दहा दिवस हातात आहेत, कपाट जुन्या कपड्यांनी भरलंय आणि घरात मशीन नाही, असं तुम्ही लिहिलंय. दहा दिवस पुष्कळ झाले, मशीन लागत नाही. सुई-दोरा, चांगली धारेची कात्री, एक माकडटोपी आणि मापापेक्षा मोठा, पूर्ण बाह्यांचा टीशर्ट एवढ्यावर काम होतं. आम्ही बालवाडीच्या वर्षी भाड्याचा सिंह आणला होता. 300 रुपये भाडं, वर 500 अनामत. आतून घामाचा वास, पाठीची चेन अर्ध्यावर अडकलेली, तोंडावर जाड मुखवटा. पोर स्टेजवर गेली, समोरचं दिसेना, आणि रडायला लागली. सगळा कार्यक्रम मी तिला कडेवर घेऊन काढला.

मुलगी दुसरीत असताना, 2018 च्या फेब्रुवारीत, शाळेत पुन्हा वेशभूषेचा कार्यक्रम आला. यावेळी ‘जंगलातला प्राणी’. वर्गातले सात वाघ आधीच ठरलेले. माझे वडील, आबा, तेव्हा आमच्याकडे होते. ते एसटीत कंडक्टर, चिपळूण डेपोला, 2011 साली निवृत्त झालेले. नातीला म्हणाले, “तू खवलेमांजर हो.”

खवलेमांजर म्हणजे अंगभर खवलं असलेला जंगली प्राणी. आबांना तो एकदा दिसला होता, ती गोष्ट आम्ही भावंडांनी लहानपणापासून शंभरदा ऐकलेली. आबा वस्तीच्या गाडीवर होते. पोफळीच्या अलीकडे हेडलाइटच्या उजेडात रस्त्याच्या मधोमध काहीतरी चालताना दिसलं. ड्रायव्हरने गाडी उभी केली, आबा खाली उतरले, तर ते जागच्या जागी गुंडाळी करून बसलं. फणसाएवढं. दोघांनी दिवे बंद केले आणि अंधारात उभे राहिले. दहा-पंधरा मिनिटांनी ते उलगडलं आणि गवतात शिरलं. गाडीत तीनच माणसं होती, कुणी कुरकुर केली नाही. आबा ही गोष्ट सांगताना शेवटी हात पोटाशी घेऊन गुंडाळी करून दाखवायचे.

नातीने विचारलं, त्याचा रंग कसला? आबा उठले, ट्रंक उघडली आणि आपल्या खाकी पँटी आणून माझ्यासमोर ठेवल्या. “हा असा.” दोन पँटी होत्या, इस्त्री करून घडी घातलेल्या. हे मुद्दाम लिहितेय, पुढे कारण येईल.

आता करायचं कसं ते सांगते. जाड लग्नपत्रिकेचा एक साचा कापला, साधारण 8 सेंटिमीटर रुंद, 9 लांब, खालून गोलसर टोक. त्यावरून पेनने रेघ मारून कापत सुटायचं. आबांनी स्वतः ब्लेडने शिवणी उसवल्या, धागा न तुटू देता. तिकिटांच्या पैशांची चामडी पिशवी वर्षानुवर्षं उजव्या मांडीवर घासून तिथलं कापड फिकट, जवळजवळ पांढुरकं झालं होतं. ते तुकडे मी बाजूला काढत होते. आबा म्हणाले, राहू दे, जनावर काय एका रंगाचं असतं? ती फिकट खवलं आम्ही पाठीच्या मधोमध घेतली. तिथे ऊन पडल्यासारखं दिसलं.

खऱ्या प्राण्याच्या अंगावर 160 ते 200 च्या घरात खवलं असतात, त्यातली साधारण चाळीस टक्के नुसत्या शेपटीवर. आमची 156 झाली. कापड टेरिकॉटचं होतं, त्यामुळे मेणबत्तीच्या ज्योतीजवळून कड झरकन फिरवली की सुटे धागे आखडून बसायचे. मग साबुदाण्याची खळ लावून गच्चीवर वर्तमानपत्रावर वाळत घातली. वाळल्यावर पुठ्ठ्यासारखी कडक झाली, तरी हाताला टोचत नव्हती.

शिवायला मी गळ्यापासून घेतलं आणि तिथेच चुकले. दोन रांगा झाल्यावर आबांनी थांबवलं. म्हणाले, “कौलं काय कोन्यापासून शाकारतात? वळचणीपासून वर ये.” अगदी खरं. सगळ्यात खालची रांग आधी, मग तिच्या शिवणीवर वरच्या रांगेचं टोक, आणि दर रांग अर्ध्या खवल्याने सरकवलेली. दोन रांगा उसवल्या, पुन्हा घेतल्या. टाका फक्त वरच्या कडेला घालायचा, खालचं टोक मोकळं ठेवायचं. मूल वाकलं की खवलं उभी राहतात, सगळी गंमत त्यातच आहे. पोटावर काही लावू नका, खवलेमांजराचं पोट मऊच असतं. आम्ही तिथे जुन्या बनियनचं कापड घेतलं.

शेपटीत लोक सर्रास चुकतात. चिंध्या कोंबून टीशर्टाला शिवतात, मग वजनाने गळा मागे ओढला जातो आणि मूल दोन मिनिटांत कपडा काढा म्हणतं. शेपूट वेगळी करायची, कमरेच्या पट्ट्याला बांधायची, आणि आत चिंध्यांऐवजी जुन्या गादीचा फोम भरायचा. तोंड उघडंच ठेवायचं. माकडटोपीच्या कपाळावर मोज्याचं लांब निमुळतं नाक, दोन काळी बटणं, बस. गोव्यात डिचोली-सत्तरीकडे शिगम्यात घोडेमोडणी नाचतात ती कुणी पाहिली असेल. कमरेला घोड्याचं तोंड बांधलेलं, माणसाचा चेहरा पूर्ण दिसतो, आणि तरी बघणाऱ्याला घोडाच दिसतो.

कार्यक्रमाच्या दिवशी ती स्टेजवर गेली, दोन वाक्यं बोलली. “माझी खवलं तुमच्या नखांसारखीच आहेत. त्यांचं औषध होत नाही, मला मारू नका.” मग आबांनी शिकवलं होतं तसं पोटाशी डोकं घेऊन गुंडाळी केली. 156 खवलं एकदम उभी राहिली. पुढच्या रांगेतलं एक पोर ओरडलं, “फणस!” सगळे हसले. ती हलली नाही. वीसपर्यंत मोजून मगच उलगडली. परीक्षकांनी तिला मगर समजून गुण दिले आणि बक्षीस भाड्याच्या मोराला गेलं. मला आजही राग आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी, आपल्या कोकणातल्या जंगलातला, आणि शाळेतल्या मोठ्या माणसांना तो ओळखता येऊ नये?

आबांना जाऊन आता तीन वर्षं झाली. दिवसकार्य आटोपल्यावर दादाने ट्रंक उघडली आणि खाकी दिसेना म्हणून मला विचारलं. मी सांगितलं. तो म्हणाला, बापाची वर्दी कापून पोरीला सोंग केलंस. तेव्हा पाहुणे होते, मी गप्प बसले, आणि ते गप्प बसणं मला अजून खातंय. म्हणून तुम्हाला सांगते, आणि त्यालाही: ती वर्दी मी मागितली नव्हती, त्यांनी दिली. कापताना ते माझ्यासमोर बसून होते. त्या रात्री त्या खाकीतच ते अंधारात उभे होते. ट्रंकेत डांबराच्या गोळ्यांत ती नुसती पडून राहिली असती, दुसरं काय झालं असतं? कपडा ज्याचा, त्याने ठरवायचं. तुमच्या कपाटात सासूबाईंची लुगडी, सासऱ्यांचे कोट असतील तर आधी त्यांना विचारा. माणूस हयात नसेल तर सगळ्या भावंडांना विचारा, एकालाही वगळू नका. हे मी तेव्हा केलं नाही. आबा समोर होते म्हणून दादाला फोन करायचं सुचलं नाही. तेवढी चूक माझी.

तुमच्या मुलीला कुठला प्राणी करावा, ते तुमच्या कपाटात रंग कुठला आहे त्यावर ठरवा. तपकिरी-मरून शाल असेल तर शेकरू करा, आपला राज्यप्राणी आहे, फक्त शेपूट अंगापेक्षा लांब घ्या. करड्या स्वेटरचा हत्ती होतो. पांढरं काही असेल तर ससा, पण तो सगळेच करतात.

मेणबत्तीचं काम मूल झोपल्यावर करा, आणि फक्त टेरिकॉट किंवा पॉलिस्टरवर. सुती कापड भसकन पेट घेतं, त्याच्या कडेला हातशिलाईच घाला. खळ लावलेला पोशाख कार्यक्रम होईपर्यंत धुऊ नका, खळ निघून जाते. ठेवून द्यायचा असेल तर आधी खळ पाण्यात सोडवून घ्या, नाहीतर झुरळं आणि उंदीर लागतात. आमच्या पोशाखाची शेपूट अशीच गेली. उरलेला अजून आहे, मुलगी देत नाही कुणाला. सेफ्टी पिना लावू नका, गुंडाळी करताना टोचतात.

आणि दादा, तू हे वाचलंस तर: बिल्ला कापण्यासारखा नव्हताच, तो ट्रंकेतच आहे. डावीकडे खाली, आईच्या रुमालात बांधलेला. तुला हवा असेल तर घेऊन जा.