के अँड एन (K&N) कंपनीच्या फिल्टरसारखा, गाडीचा धुऊन वापरायचा एअर फिल्टर घरी साफ करून पुन्हा तेल कसं लावायचं?

आधी झटकून सुटी धूळ पाडा. मग फिल्टरचाच क्लीनर दोन्ही बाजूंनी फवारा आणि 10 मिनिटं थांबा, पण वाळू देऊ नका. नळाच्या हलक्या धारेनं आतल्या, म्हणजे स्वच्छ बाजूनं धुवा. बाहेरून धुतलंत तर मळ कापडात आणखी आत जातो. प्रेशर वॉशर, हेअर ड्रायर नकोच, सावलीत वाळवा. पावसाळ्यात रात्रभर पंख्याखाली ठेवावा लागतो.

तेलातच लोक चुकतात. फिल्टरचंच तेल घ्या, इंजिन ऑइल चालत नाही. प्रत्येक घडीवर एकच पातळ रेघ, 20 मिनिटांनी पांढरे राहिलेले डाग भरा. तेल जास्त झालं तर उडून एअरफ्लो सेन्सरवर (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या भागावर) बसतं आणि पिकअप जातो.