अलीकडे वाचलेल्यांपैकी तुमची आवडती पुस्तके कोणती, आणि येत्या वर्षात काय वाचायचे ठरवले आहे?

प्रश्नकर्त्याने गेल्या दोन-तीन वर्षांत आवडलेली पुस्तके आणि पुढील वर्षाचा बेत असे दोन्ही विचारले आहे, शिवाय नुसती नावे न देता आवडण्याचे कारण सांगावे, अशी विनंतीही केली आहे. ती विनंती मला फार योग्य वाटते, कारण पुस्तकांच्या याद्या आता कोठेही मिळतात.

मी जळगाव जिल्ह्यातील एका जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात हिशेबाचे काम पाहतो. दिवाळीच्या सुमारास कापसाची आवक वाढली की वजनकाट्याच्या पावत्या, सरकीचे सौदे आणि १७० किलोच्या गाठींच्या नोंदी यांतून डोके वर काढेपर्यंत होळी येते. त्यामुळे माझे खरे वाचन उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात होते. वर्षाला अमुक इतकी पुस्तके वाचायची, असे उद्दिष्ट मी ठेवत नाही. (ज्यांना ते साधते त्यांच्याविषयी आदर आहे, परंतु आकडा गाठण्यासाठी माणसे मुद्दाम बारीक पुस्तके शोधू लागतात, हेही पाहिले आहे.) एक पुस्तक संपल्यावर मनात जो प्रश्न उरतो, त्यावरून मी पुढचे पुस्तक निवडतो. पुढे सांगितलेली पुस्तकेही बहुतेक अशीच एकाचा हात धरून दुसरे या रीतीने माझ्याकडे आली.

सर्वांत आधी नाव घेतो ते कृष्णात खोत यांच्या ‘रिंगाण’ या कादंबरीचे. तिला २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाल्यानंतर आमच्या वाचनालयात तिच्यासाठी बराच काळ थांबावे लागले. धरणामुळे गाव उठते, माणसे दुसरीकडे जाऊन वसतात, परंतु काही जनावरे मागे राहतात आणि रानात राहून रानटी होतात. त्यांतली म्हैस परत आणण्यासाठी देवाप्पा जुन्या गावाकडे निघतो, एवढ्याशा धाग्यावर सगळी कादंबरी उभी आहे. विस्थापनाविषयीच्या लेखनात मोर्चे, कचेऱ्या आणि मोबदल्याचे कागद यांना जागा मिळणे स्वाभाविक असते. येथे ते सारे बाजूला राहते आणि वाचकासमोर मुख्यतः एक माणूस व एक जनावर उरते. लेखकाने म्हशीला कसलेही प्रतीक होऊ दिलेले नाही, ती शेवटपर्यंत म्हैसच राहते, याचे मला सर्वाधिक कौतुक वाटले. आमच्या घरी म्हैस होती तेव्हा ती काकूशिवाय कोणालाही पान्हा सोडत नसे. काकू माहेरी गेली की आजोबा तिचे लुगडे अंगावर पांघरून धार काढायला बसत, तरीही म्हैस दोनदा मान वळवून त्यांच्याकडे संशयाने पाहत असे. जनावर माणसाला ओळखते ते नेमके कशावरून, आणि ती ओळख किती दिवस टिकते, हा प्रश्न ज्याने गोठ्यात पाहिला आहे त्याला ही कादंबरी वाचताना श्वास रोखून धरावा लागतो. कोल्हापूरकडील बोलीमुळे आम्हा खानदेशी वाचकांना पहिली काही पाने अडखळत वाचावी लागतात, त्याने नाउमेद होऊ नये.

ही कादंबरी वाचताना मला सारखी नंदुरबार जिल्ह्याची आठवण येत होती. सरदार सरोवराच्या बुडिताखाली महाराष्ट्रातील ३३ गावे आली, ती अक्कलकुवा आणि अक्राणी या तालुक्यांतील; मणिबेलीचे नाव तर साऱ्या देशाने ऐकले. त्या गावांतील अनेक कुटुंबे आता तळोदा-शहादा परिसरातील पुनर्वसन वसाहतींत राहतात. आम्ही जळगावकर याविषयी जे वाचत आलो ते बहुतेक वर्तमानपत्रांतून, आणि त्यात बोलणारे नेहमी दुसरेच कोणीतरी असत. त्या बाजूच्या माणसाने स्वतः काय लिहिले आहे, हे शोधू लागलो तेव्हा वाहरू सोनवणे यांचा ‘गोधड’ हा कवितासंग्रह हाती आला. पुस्तक तसे जुने आहे, पण माझ्यासाठी नवे होते. सोनवणे भिल्ल समाजातील आणि शहाद्याच्या श्रमिक चळवळीतून पुढे आलेले कवी आहेत. त्यांची ‘स्टेज’ ही कविता अनेकांना माहीत असेल: ज्यांचे दुःख आहे ते खाली बसून राहतात, आणि व्यासपीठावर चढलेली माणसे ते दुःख त्यांनाच समजावून सांगतात.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला प्रताप महाविद्यालयाच्या आवारात ९७ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, आणि त्याच दिवसांत त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनही भरले होते. मी दोन्हीकडे फिरलो. ग्रंथप्रदर्शनातली गर्दी आणि व्यासपीठावरील खुर्च्यांची रांग पाहताना ती कविता पुन्हा पुन्हा मनात येत होती. संमेलनांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. तालुक्याच्या गावी एवढी पुस्तके एका ठिकाणी पाहायला मिळणे, हीच आमच्याकडे मोठी गोष्ट आहे.

नंदा खरे यांच्या ‘उद्या’ या कादंबरीकडे मी जरा वेगळ्या वाटेने आलो. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला जाहीर झाला आणि लेखकाने तो नम्रपणे नाकारला, एवढेच आधी ठाऊक होते. नजीकच्या भविष्यातील समाज, माणसांवरील सततची पाळत, मोठ्या कंपन्यांच्या हाती गेलेली सत्ता आणि स्त्रियांची घटलेली संख्या असा तिचा ऐवज आहे. यातील शेवटच्या गोष्टीने मला धरून ठेवले. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे ८४२ मुली होत्या, राज्यातील अगदी खालच्या जिल्ह्यांत आमची गणना झाली होती. त्या वेळच्या मुलांतील मोठी आता कोठे लग्नाच्या वयाला येऊ लागली आहेत, तरी मुलाच्या आईवडिलांनी हातात पत्रिका घेऊन परजिल्ह्यात फिरणे हे दृश्य आमच्याकडे नित्याचे होऊ लागले आहे. त्यामुळे इतरांना जी भविष्यकथा वाटते ती मला गल्लीतली हकीकत वाटली. दोषही सांगितला पाहिजे: पुस्तकात माहितीचा भार बराच आहे, आणि काही ठिकाणी पात्रांच्या तोंडून लेखकच बोलत असल्यासारखे वाटते. तरीही मराठीत इतक्या धीटपणे पुढचा काळ पाहणारी दुसरी कादंबरी चटकन आठवत नाही.

किरण गुरव यांचा ‘बाळूच्या अवस्थांतराची डायरी’ हा कथासंग्रहही आवडला, पण त्याविषयी येथे लांबण लावत नाही. खेड्यातून शहरात शिकायला गेलेल्या कोणालाही तो उचलून देता येईल. त्या संग्रहाने मला पुन्हा भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’कडे नेले. ती १९६३ साली प्रसिद्ध झाली, तिचा नायक पांडुरंग सांगवीकर आणि लेखकाचे स्वतःचे गाव यावल तालुक्यातील सांगवी, त्यामुळे आमच्या भागात ती न वाचता तिच्यावर बोलणारेही पुष्कळ भेटतात. महाविद्यालयात असताना मी सर्वस्वी पांडुरंगाच्या बाजूचा होतो. आता मुलगा पुण्यात शिकतो, दरमहा त्याला पैसे पाठवावे लागतात, आणि त्यामुळे या खेपेस माझे लक्ष वडिलांकडे गेले. मेसच्या कारभारात पांडुरंग जो घोळ घालून ठेवतो तो पूर्वी मला निव्वळ विनोदी वाटला होता. या वेळी हिशेबनीस म्हणून मी ती पाने अक्षरशः कपाळाला हात लावून वाचली. लहान बहीण मनी हिच्या मृत्यूची पाने मात्र तेव्हा होती तशीच आजही आहेत, ती एका बैठकीत वाचून पुढे जाता येत नाही.

आता येत्या वर्षाविषयी. पहिली जागा नेमाड्यांच्याच ‘हिंदू: जगण्याची समृद्ध अडगळ’ या २०१० मधील कादंबरीला दिली आहे. मोहेंजोदडोच्या उत्खननावर असलेला खंडेराव वडिलांच्या शेवटच्या आजाराची बातमी कळताच आपल्या मोरगावाकडे निघतो, येथवर मी पूर्वी वाचली आणि मग हंगाम सुरू झाला. सहाशेच्या आसपास पाने असलेले हे पुस्तक रोज झोपण्यापूर्वी चार पाने असे वाचले तर माणसांची आणि काळाची सरमिसळ होते, म्हणून जून ते ऑगस्ट हे महिने केवळ त्यासाठी ठेवले आहेत.

त्याआधी उन्हाळ्यात ‘बहिणाबाईंची गाणी’ आईसोबत सलग वाचायची आहेत. बहिणाबाई चौधरी आसोद्याच्या. त्या निरक्षर होत्या, त्यांची गाणी मुलगा सोपानदेव यांनी आणि घरातल्यांनी लिहून ठेवली, आणि आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ती १९५२ मध्ये, म्हणजे त्यांच्या निधनाच्या पुढच्या वर्षी, पुस्तकरूपाने आली. पाठ्यपुस्तकांतील चार-पाच कवितांपलीकडे आपल्यापैकी फार थोडे जण जातात. आईचे माहेर लेवा पाटीदार घरातले, त्यामुळे ती बोली तिच्या तोंडची आहे. परवा नमुन्यादाखल मी तिच्यासमोर ‘घरोट’ ही जात्यावरची कविता वाचली, तर तिने मध्येच थांबवून, “असं वाचलं त पीठ कसं पडीन?” असे म्हटले आणि खुंटा धरल्यासारखा हात फिरवत तीच ओळ स्वतः म्हणून दाखवली. प्रत्येक फेऱ्याला तिचा आवाज जेथे दाबला जात होता, तेथे छापील पानावर कोणतीही खूण नाही. म्हणून या पुस्तकासाठी वाचणारी आई आणि ऐकणारा मी, अशी वाटणी झाली आहे. तिचा चष्मा बदलून आणला की प्रारंभ करू.

तिसरा बेत थोडा आडवळणाचा आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांचे निधन ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात झाले, त्याला २०२६ च्या अखेरीस १०० वर्षे पूर्ण होतात, आणि त्यांच्या पश्चात धुळ्यात स्थापन झालेल्या संशोधन मंडळाने त्यांचे दप्तर जपले आहे. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा १८९८ मधील पहिला खंड १७५० ते १७६१ या काळातील पत्रांचा, म्हणजे पानिपतापर्यंतचा आहे. माझा डोळा त्या पत्रांतील पैशाच्या व्यवहारावर आहे: रसद, कर्ज, हुंड्या, थकलेली वसुली. एवढे सैन्य उत्तरेत पोसण्याचा हिशेब कोण आणि कसा ठेवत होते, हे मला त्या कागदांतूनच पाहायचे आहे. हा खंड सलग वाचण्याजोगा नाही, त्यामुळे तो हंगामातही, गाड्यांची रांग संपल्यावर मिळणाऱ्या अर्ध्या तासात, दोन-दोन पत्रे असा चालेल.

परभाषांतील पारितोषिकप्राप्त कादंबऱ्यांचे अनुवाद यंदा जाणीवपूर्वक बाजूला ठेवले आहेत. मुलाने त्यांतील दोन पाठवून दिले आहेत, तो सुटीत आला की विचारणार हे नक्की.

प्रश्नकर्त्यास यांपैकी एकच पुस्तक घ्यायचे असेल तर ‘रिंगाण’ घ्यावे. वाचनालयात ती बाहेर गेलेली असल्यास तोवर ‘गोधड’ मागून पाहावे, ते बहुधा कपाटातच असते.