पहाटेचं दूध आदल्या तारखेला

प्रश्न : ताई, करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी मी जँगोमध्ये, म्हणजे पायथन भाषेतल्या वेब चौकटीत, संकलनाचं सॉफ्टवेअर केलंय. सभासद क्रमांक, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन पदार्थ), दर, सगळं त्यात आहे. माझ्या विंडोज लॅपटॉपवर झकास चालतं. लिनक्स सर्व्हरवर चढवल्यापासून मात्र दोन भानगडी आहेत. पहाटे साडेपाचच्या आत घातलेलं दूध आदल्या तारखेला पडतं. आणि एनव्ही फाइलीत (पासवर्डसारख्या किंमती कोडबाहेर ठेवायची फाइल) डीबगपुढे, म्हणजे चुकांचा तपशील दाखवायच्या सोयीपुढे, ‘फॉल्स’ लिहूनही काही बिघडलं की सचिवांसमोर चुकीचा सगळा तपशील दाखवणारं ते पिवळं पान उघडतं. लॅपटॉपची एक आणि सर्व्हरची एक अशा दोन सेटिंग्ज फाइली कराव्यात का?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : भावा, आधी तारीख, कारण ती पैशाची गोष्ट आहे. दहा दिवसांचं बिल निघत असेल, तर अकरा तारखेच्या पहाटेचं दूध मागच्या बिलात जाणार आणि सभासद सचिवांना धरणार. नव्या जँगो प्रोजेक्टमध्ये टाइम झोन ‘यूटीसी’ असतो, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. लिनक्सवर जँगो तोच झोन सगळ्या प्रोग्रॅमला लावतो, विंडोजवर लावत नाही. तिथं पायथन लॅपटॉपचंच घड्याळ बघतो. म्हणून तुला घरी काही दिसलं नाही. झोन ‘एशिया/कोलकाता’ कर आणि आजची तारीख जँगोच्या ‘लोकलडेट’नं घे. ‘टाइमझोन डॉट नाऊ’ला ‘डेट’ जोडून घेतलीस, तर झोन बदलूनही तारीख यूटीसीचीच मिळेल. चुकलेल्या जुन्या नोंदींवर वेळेचा शिक्का असेल, तर त्यावरून तारखा दुरुस्त करता येतील.

आता पिवळं पान. एनव्ही फाइलीतून येणारी प्रत्येक किंमत म्हणजे नुसता मजकूर. ‘फॉल्स’ हा रिकामा नसलेला शब्द, आणि असा कुठलाही शब्द पायथनच्या लेखी खराच. म्हणून किंमत ‘ट्रू’ या शब्दाशी ताडून बघ. जुळली तरच डीबग चालू. चुकीची असली किंवा नसलीच, तरी बंद. ज्या सेटिंगच्या नावात की, पास, सीक्रेट, टोकन असं काही असतं, ती त्या पानावर तारे मारून झाकलेली असते. एसएमएसच्या पिनला तू ‘एसएमएस पिन’ असंच नाव दिलं असशील, तर तो उघडा दिसणार. डीबग खरोखर बंद झाला की ‘अलाउड होस्ट्स’ या परवानगीच्या पत्त्यांच्या यादीत संस्थेचं डोमेन लागेल, आणि पानांच्या सजावटीच्या सीएसएस फाइली वेब सर्व्हरकडून द्याव्या लागतील.

दोन फाइली नकोत, असं माझं मत. एकीत घातलेली सेटिंग दुसरीत राहून जाते आणि ते कळतं सर्व्हरवर. फाइल एकच ठेव. डेटाबेसचा पासवर्ड, सीक्रेट की (जँगो लॉगिन वगैरे सुरक्षित ठेवायला वापरतो ती गुप्त किल्ली), डोमेन तेवढं बाहेरून, म्हणजे एनव्ही फाइलीतून घे. सीक्रेट कीला कोडमध्ये राखीव (डीफॉल्ट) किंमत देऊ नकोस, नसेल तर प्रोग्रॅम सुरूच होऊ नये. एनव्ही फाइल कधी गिटमध्ये, म्हणजे कोडचा इतिहास जपणाऱ्या साधनात, गेली असेल, तर नुसती पुसून भागत नाही, इतिहासात ती राहतेच. पासवर्ड आणि की दोन्ही बदल. की बदलल्यावर सगळे लॉगिन तुटतात, तेवढं सचिवांना आधी सांग.

हे झालं की सर्व्हरवर ‘चेक’ ही आज्ञा ‘डिप्लॉय’ पर्यायासह चालव, राहिलेल्या त्रुटी ती दाखवते. नव्या किंमती रीस्टार्ट केल्याशिवाय लागू होत नाहीत. ते काम सकाळचं संकलन संपल्यावर, दुपारी कर.